काचेच्या नळीत रात्रभर राहिलेलं रक्त

स्लाइडवाली

परवा संध्याकाळी आमच्याकडे लाइट गेली ती रात्रभर आलीच नाही. मी तालुक्याच्या गावी एका लहानशा लॅबमध्ये टेक्निशियन आहे. इन्व्हर्टरवर फ्रिज चालतो, सेंट्रिफ्यूज नाही. शेवटचे पेशंट न्यूमोनियाचे, पन्नाशीचे, तापाने फणफणलेले. त्यांचं रक्त घेतलं आणि त्यातली एक साधी काचेची नळी, आत काहीही न घातलेली, गडबडीत स्टँडला तशीच राहिली. सकाळी टाकून द्यायला उचलली आणि सवयीने खिडकीच्या उजेडात धरली.

तळाशी काळपट गोळा, डांबराच्या जवळ जाणारा. वर वर तोच गोळा लाल होत गेलेला. त्याच्या डोक्यावर पांढुरका, चिवट, सायीसारखा थर. आणि सगळ्यात वर पातळ पिवळं पाणी. एकाच माणसाचं रक्त, आणि चार रंग.

हे चार रंग मला आधीपासून ओळखीचे होते, पण पुस्तकातून. ग्रीक वैद्यकात शरीर चार रसांचं मानलं जायचं: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रंथांपैकी ‘मनुष्याच्या प्रकृतीविषयी’ या ग्रंथात हे स्पष्ट मांडलंय. तो त्याचा जावई पॉलिबस याने लिहिला असं मानतात. पुढे दुसऱ्या शतकात गेलनने त्याची अशी काही घट्ट वीण घातली की युरोपात दीड हजार वर्षं ती कुणाला उसवता आली नाही. यातले तीन रस समजू शकतात, कारण ते बाहेर येताना दिसतात. पण काळं पित्त? असा कुठलाही वेगळा रस शरीरात नाही. मग लोकांनी तो पाहिला कुठे?

१९२१ साली रॉबिन फोरेअस या स्वीडिश डॉक्टरने यावर एक तर्क मांडला. रक्त भांड्यात स्थिर ठेवलं की जे थर पडतात तेच ते चार रस: तळाचं काळं पित्त, मग रक्त, मग पांढरा कफ, वर पिवळं पित्त. हा तर्कच आहे, पुरावा नाही. कुणा ग्रीक वैद्याने ‘मी भांडं ठेवलं आणि पाहिलं’ असं लिहून ठेवलेलं नाही. पण हा फोरेअस म्हणजे ईएसआरच्या, रक्त किती वेगाने खाली बसतं ते मोजणाऱ्या तपासणीच्या, जन्मदात्यांपैकी एक. आयुष्यभर नळीत खाली बसणारं रक्त बघत बसलेला माणूस. त्याला हे सुचणं साहजिकच होतं, आणि त्या सकाळी खिडकीशी उभी असताना मला ते शंभर टक्के पटलं.

आता तो सायीचा थर का येतो ते सांगते, कारण खरी मेख तिथेच आहे. निरोगी माणसाचं रक्त साध्या काचेत पाच-दहा मिनिटांत गोठतं. तांबड्या पेशींना खाली बसायला वेळच मिळत नाही, म्हणून गोळा वरपासून खालपर्यंत एकसारखा. संसर्ग झाला, सूज आली की यकृत फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन जास्त बनवतं. त्याने तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात, जड होतात आणि गोठण्याआधीच भराभर खाली जातात. वर पेशींविना राहिलेला भाग मग गोठतो, तोच पांढरा थर. आजारी माणसाच्या रक्तात ‘कफ’ वाढलेला दिसायचा तो असा. ईएसआरला आम्ही हेच मोजतो: काळ्या टोपीची ट्यूब, सायट्रेट घालून रक्त पातळ ठेवायचं, वेस्टरग्रेनच्या नळीत एक तास सरळ उभं करायचं आणि तांबडं किती मिलिमीटर खाली गेलं ते वाचायचं. गर्भारपणातही हा आकडा वाढतो. फोरेअसची सुरुवात तिथूनच झाली होती, आधी त्याला ती गर्भारपण ओळखायची चाचणी वाटली होती.

म्हणजे बघितलं ते खरं होतं. पुढे जे केलं ते भयंकर. अठराव्या शतकातल्या युरोपातले डॉक्टर शीर कापून वाडग्यात रक्त घ्यायचे, त्यावर पांढरी साय दिसली की म्हणायचे, दोष अजून शिल्लक आहे, आणखी काढा. डिसेंबर १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला, तर एका दिवसात त्याच्या अंगातून दोन लिटरहून जास्त रक्त काढलं. त्याच रात्री तो गेला. पुढे पॅरिसच्या पिएर लुईने न्यूमोनियाच्या रोग्यांची रीतसर मोजदाद केली आणि १८३५ साली दाखवून दिलं की रक्त काढण्याचा म्हणावा तसा उपयोग नाही. तरी ती सवय सुटायला आणखी कित्येक वर्षं गेली.

आणि गंमत बघा. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी धनुर्वाताला तोंड देऊन टिकलेल्या सशाचं पेशीविरहित रक्तजल उंदरांना टोचलं आणि ते उंदीर धनुर्वातापासून वाचले. औषध होतं त्या वरच्या पिवळ्या पाण्यात. रक्त काढणारे नेमकं तेच मोरीत ओतत होते.

रिपोर्टची वेळ झाली, बाकी नंतर लिहिते. आणि हो, त्या काकांचा ताप उतरलाय.

झुंजूमुंजू

वाचनखूण साठवली. फोटो काढायचा ना!

स्लाइडवाली

पेशंटच्या सँपलचे फोटो टाकत नसते मी. शिवाय हात बरबटलेले होते.

अडुळसा

लेख आवडला. मी वैद्य आहे, त्यामुळे पुढे जे होणार ते आधीच ओळखून लिहितो. आता कुणीतरी म्हणेल की ग्रीकांचे चार रस म्हणजे आपले त्रिदोषच. तसं नाहीये. वात हा द्रव नाहीच. कफ आणि पित्त यांचं दिसणारं रूप द्रव आहे, पण दोष ही कल्पना कामावरून आलेली आहे, रंगावरून नाही. जवळ जाणारी एकच गोष्ट आहे, ती सुश्रुतात: तो तीन दोषांच्या जोडीला चौथं म्हणून रक्त धरतो. शल्यकर्म करणारा माणूस, रोज रक्त बघायचा, त्याला रक्त बाजूला ठेवणं जमलं नसावं. हे माझं मत.

द्रवाबद्दल बोलायचं तर चरकाच्या शारीरस्थानातला एक हिशेब मला फार आवडतो. शरीरातल्या वस्तू ज्याच्या त्याच्या स्वतःच्या ओंजळीने मोजायच्या. पाणी दहा ओंजळी, रस नऊ, रक्त आठ, मल सात, कफ सहा, पित्त पाच, मूत्र चार, वसा तीन, मेद दोन, मज्जा एक. मेंदू, शुक्र आणि ओज अर्धी अर्धी ओंजळ. माप प्रत्येकाचं वेगळं, कारण ओंजळ वेगळी. पहिल्या वर्षाला असताना वसतिगृहात आम्ही बादलीतून आठ ओंजळी पाणी काढून मापात ओतलं होतं. कुणाचंच उत्तर सारखं येईना, आणि कुणाची ओंजळ गळकी यावरून मारामारी.

नस्ती_उठाठेव

ओज म्हणजेच इम्युनिटी ना? म्हणजे आपल्या पूर्वजांना अँटिबॉडी माहीत होत्या, आपणच विसरलो.

अडुळसा

हेच म्हणत होतो. नाही, माहीत नव्हत्या. ओजाचं वर्णन हृदयात राहणारं, शुद्ध, किंचित लाल-पिवळं असं आहे. व्याधिक्षमत्व हा शब्द चरकात आहे, आणि त्यावर अकराव्या शतकातल्या चक्रपाणीने चांगली टीका केली आहे: रोगाचं बळ रोखणं आणि रोग उत्पन्नच होऊ न देणं, असे दोन अर्थ. उत्तम निरीक्षण आहे. पण निरीक्षण वेगळं आणि रेणू वेगळा. मी रोज ग्रंथ वाचतो म्हणूनच सांगतो, त्यांच्या तोंडी आपले शब्द कोंबले की ते काय म्हणत होते तेच ऐकू येत नाही.

नस्ती_उठाठेव

वैद्य असून असं बोलता, कमाल आहे.

उगाच_एक_शंका

भांडण थांबवून माझी शंका घ्या. मला वांगं खाल्लं की अंगावर पित्त उठतं. आजी आमसूल भिजवून चोळायची. हे पित्त नक्की कुठून येतं? यकृतातून कातडीपर्यंत?

स्लाइडवाली

पित्ताचा संबंध नाही. त्या गांधी आहेत, कातडीतल्या पेशी हिस्टामीन सोडतात म्हणून येतात. शब्द जुना राहिलाय एवढंच. तसे आपल्या तोंडी हे रस अजून रोज असतात. पित्त खवळतं. कुणी वात आणतं. ‘तब्येत’ आणि ‘मिजास’ हे दोन्ही शब्द अरबीतून आलेत, युनानी हकिमांच्या तोंडचे. तबियत म्हणजे शरीराची मूळ प्रकृती, मिजाज म्हणजे रसांच्या मिश्रणाचा स्वभाव. हकीम चार रसांना दम, बलगम, सफरा आणि सौदा म्हणतात. हे थेट गेलनकडून, मध्ययुगातला मोठा हकीम इब्न सिना याच्यामार्गे आलेलं. मिजाज मराठीत येऊन तोरा झाला, ही आपली करामत.

पण तुझ्या शंकेवरून एक भन्नाट प्रयोग आठवला. वर्ष पुन्हा १९२१. जर्मनीत क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला शिजवलेला मासा चालायचा नाही, खाल्ला की गांधी. त्याचा सहकारी प्राउसनिट्झ याला मासा चालायचा. तर प्राउसनिट्झने क्युस्टनरचं रक्तजल स्वतःच्या कातडीत एका जागी टोचून घेतलं, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि तिथे टरारून गांध उठली. बाकी अंग स्वच्छ. म्हणजे ॲलर्जी त्या पिवळ्या पाण्यातून एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येत होती. त्यातला नेमका घटक, आयजीई नावाची अँटिबॉडी, सापडायला १९६६ उजाडलं.

वांगं बंद कर. आमसूल चोळून थंड वाटतं, चोळ खुशाल. ओठ किंवा घसा सुजला तर मात्र आमसूल शोधत बसू नकोस, दवाखाना गाठ.

बोरीबंदर

धाग्यात मुंबई आली नाही हे चालणार नाही.

रक्तजलाच्या बाजूने बेरिंग उभा होता तसा समोर रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह होता. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिनात घरचे सर्कशीला गेलेले, हा एकटा सूक्ष्मदर्शकाशी. तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचून ठेवला. सकाळी बघतो तर फिरत्या पेशींनी काट्याभोवती घेराव घातलेला. त्याचं म्हणणं, लढतात त्या पेशी. तुमचं पाणी-बिणी दुय्यम. या वादात जर्मन विरुद्ध फ्रेंच असाही रंग होता, पाश्चर इन्स्टिट्यूटने मेचनिकॉव्हला आसरा दिलेला. १९०८ चं नोबेल अखेर दोन्ही बाजूंना विभागून दिलं: पेशीवाला मेचनिकॉव्ह आणि रक्तजलवाला एरलिश.

आता मुंबई. ओडेसात याच मेचनिकॉव्हच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी म्हणजे वाल्डेमार हाफकिन. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला (मूळचे गोव्याचे, मेट्रो सिनेमासमोरचा पुतळा त्यांचा, बसस्टॉपवर उभे राहणारे हजारो लोक बघतही नाहीत). ऑक्टोबरात हाफकिन आला, ग्रँट मेडिकल कॉलेजात जागा मिळाली तेवढ्यात काम सुरू केलं. मटणाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्या थेंबांना धरून प्लेगचे जंतू गुहेतल्या लोंबत्या दगडांसारखे खाली वाढायचे. मग उष्णता देऊन मारायचे. १० जानेवारी १८९७ ला त्याने ती लस आधी स्वतःला टोचून घेतली.

त्याच वर्षी यर्सिन, प्लेगचा जंतू शोधणारा, घोड्याचं तयार रक्तजल घेऊन मुंबईत आला. म्हणजे एकाच शहरात, एकाच साथीत, दोन्ही पद्धती एकमेकींसमोर: तयार पाणी टोचा, किंवा शरीराला स्वतःचं बनवायला लावा. यर्सिनच्या रक्तजलाने निराशा केली. हाफकिनची लस टिकली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली आणि १९२५ पासून तिला त्याचं नाव आहे.

रात्रपाळी

पण तयार पाणी हरलं असं समजू नका. मी कोकणात प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे आणि पावसाळ्यात आमचा सगळा भरवसा त्याच पाण्यावर.

घोड्याला सापाचं विष थोडं थोडं वाढवत टोचतात, मग त्याच्या रक्तातून अँटिबॉडी वेगळ्या काढतात. सापाची लस म्हणतो ती हीच, म्हणजे तयार पाणीच; आपल्याकडची नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. तत्त्व बेरिंगचंच, १३० वर्षांत बदललेलं नाही.

आणि स्लाइडवाली ताई, तुमची ती साधी काचेची नळी आमच्याकडे अजून राज्य करते. साप चावलेला आला, कुठला ते सांगता येत नाही, लॅब ४० किलोमीटरवर. अशा वेळी नव्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिलि रक्त घ्यायचं आणि २० मिनिटं हलवायचं नाही. मग नळी आडवी करायची. गोठलं नसेल तर विषाने रक्त बिघडलंय, घोणस किंवा फुरसे समजून लस सुरू. गोठलं म्हणून मात्र निश्चिंत व्हायचं नाही. नाग-मण्यार रक्ताला नाही, मज्जातंतूंना धरतात, त्यांच्यासाठी पापण्या जड होऊन मिटतायत का ते बघत बसावं लागतं. ती २० मिनिटं फार लांब असतात. खोलीत पेशंट, बाहेर अख्खी वाडी, आणि सगळे नळीकडे बघतायत. प्लॅस्टिकची नळी चालत नाही, गोठण्याची क्रिया काचेच्या पृष्ठभागाने सुरू होते. माझ्या पहिल्या वर्षी एका मुलाचं रक्त २० मिनिटांनी पाण्यासारखं पातळ. लस काढायला निघालो, तर तिथल्या सिस्टर म्हणाल्या, डॉक्टर, ती नळी काल साबणाने धुतली होती. पुन्हा नवी नळी, पुन्हा २० मिनिटं. दुसऱ्यांदा गोठलं. चावलेली बिनविषारी दिवड निघाली.

लस फुकटची चैन नाही. घोड्याचं प्रथिन असल्यामुळे कुणाकुणाला देता देताच गांधी, दम लागणं, बीपी पडणं. ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवूनच सुरू करतो. काहींना आठवड्या-दीड आठवड्याने ताप आणि सांधेदुखी. १९०५ साली पिर्के आणि शिक यांनी या दुखण्यावरच पुस्तक लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी पिर्केने ‘ॲलर्जी’ हा शब्द काढला.

स्लाइडवाली

हे वाचून काटा आला. आणि एक जोड: घोणशीचं विष जे प्रथिन संपवून टाकतं ते फायब्रिनोजेनच. म्हणजे न्यूमोनियाच्या काकांच्या नळीत जे जास्त होऊन साय आली, तेच तुमच्या पेशंटच्या नळीत संपलं म्हणून रक्त गोठेना. मी इतकी वर्षं दोन्ही तपासण्या करते, कधी शेजारी ठेवून बघितल्या नव्हत्या.

साबणाची गोष्ट आमच्या भिंतीवर लिहून लावते.

गोठ्यावरून

शिकलेल्या लोकांत बोलायला संकोच वाटतो, पण पातळ औषधाचं बोलताय तर चीक कसा सुटला?

माझ्याकडे अकरा गाई आहेत. बाईच्या पोटातल्या बाळाला आईची ताकद वारेतून मिळते असं आमचे पशुवैद्य सांगतात, पण गाईची वार तसं काही जाऊ देत नाही. वासरू जन्मतं ते अगदी कोरं. त्याला जे मिळायचं ते चिकातून, आणि आतडं ते आख्खंच्या आख्खं आत घेतं पहिल्या दिवसभरातच, तेही तासातासाला कमी होत जातं. पूर्वी आमच्यात वार पडेपर्यंत वासराला तोंड लावू द्यायचे नाहीत. कधी वार पडायला अर्धा दिवस. मग चौथ्या-पाचव्या दिवशी वासराला हगवण, आणि आठवड्यात खड्डा. आम्ही ते नशिबावर घालायचो. आता गाय व्याली की आधी सड पुसून वासरू लावतो, वार पडायची तेव्हा पडू दे. हगवण पुष्कळ कमी झाली.

आणि शहरातल्या पाहुण्यांना हात जोडून विनंती, गाय व्यायच्या आधीपासून ‘पहिला चीक आम्हाला ठेवा हं’ असे फोन करू नका.

झुंजूमुंजू

खरवस सोडायचा म्हणजे... पण तोही औषधीच ना?

स्लाइडवाली

खरवस वाफेवर थिजतो तोच मुळी त्या प्रथिनांमुळे, आणि त्यात मोठा वाटा अँटिबॉडींचा. म्हणून पहिल्या दिवसाचा चीक दूध घालून पातळ केला तरी वडी पडते, आठवड्याने नुसतं दूध कितीही उकडा, पडत नाही. पण थिजल्या म्हणजे त्या कामातून गेल्या. तुला मिळतो तो गूळ, वेलची आणि प्रथिनं.

दादा, संकोच कसला. एरलिशने १८९२ मध्ये हेच उंदरांवर दाखवलं. आधी तो एरंड आणि गुंजेच्या बियांतली विषं उंदरांना थोडी थोडी देऊन सरावाचं करायचा. मग सरावलेल्या आईची पिल्लं दुसरीकडे आणि साध्या आईची पिल्लं हिच्याकडे अशी अदलाबदल केली. जी पिल्लं सरावलेल्या आईचं दूध प्यायली ती तगली. तुमचा गोठा आणि त्याची प्रयोगशाळा, उत्तर एकच.

नस्ती_उठाठेव

मग कोविडमध्ये प्लाझ्मा प्लाझ्मा म्हणून लोक जिवाच्या आकांताने फिरले ते काय होतं? मी स्वतः चुलत्यांसाठी दोन रात्री डोनर शोधत होतो. मिळाला. काका गेलेच.

रात्रपाळी

वाईट वाटलं. तुम्ही करायचं ते सगळं केलंत.

आपल्याच देशात ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली होती. प्लाझ्माने मृत्यू टळलेले दिसले नाहीत, आजार बळावणंही थांबलं नाही. निष्कर्ष २०२० च्या ऑक्टोबरात छापून आले आणि मे २०२१ मध्ये सरकारी उपचारांच्या यादीतून प्लाझ्मा काढला. मधल्या काळात चिठ्ठ्या लिहिल्या जात राहिल्या. अँटिबॉडी विषाला पकडते ती विष मोकळं फिरत असेतोवर. सर्पदंशातही उशिरा आलेल्याला लस देतो तेव्हा झालेलं नुकसान भरून येत नाही, पुढचं थांबतं. कोविडमध्ये माणूस दवाखान्यात पोचेपर्यंत बहुतेक वेळा विषाणूचं काम होऊन गेलेलं असायचं, आणि त्याच्या स्वतःच्या अँटिबॉडीही तयार व्हायला लागलेल्या असायच्या.

अडुळसा

नस्ती_उठाठेव, मघाशी मी जरा तोडून बोललो. राग नसावा.

नस्ती_उठाठेव

नाही हो. पण ती ओंजळीची मोजणी पुन्हा एकदा सांगा, मुलाला करून दाखवायची आहे. रक्त आठ ना?

अडुळसा

रक्त आठ, पाणी दहा. ओंजळ त्याचीच घ्यायची, तुमची नाही. आणि न्हाणीघरात करा, घर ओलं होतं.

उगाच_एक_शंका

माझा ईएसआर ४२ आलाय. धागा वाचून घाबरलोय.

स्लाइडवाली

ज्या डॉक्टरांनी सांगितला त्यांना दाखव. सर्दी-तापानंतरही वाढतो, आणि त्या एका आकड्यावरून कुठलाच रोग ठरत नाही. आणि वांगं खाल्लंस का परत?

उगाच_एक_शंका

भरली वांगी होती. काय करणार.